आधी चालून बघा, मग खणा

संध्याकाळी सातच्या सुमारास मोटेलवर येऊन बूट काढले की साताऱ्याहून आईचा फोन यायचा. तिच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसात, गॅसवर चहा. पहिला प्रश्न ठरलेला : “आज काय सापडलं गं?” मूर्ती, नाणी, गेला बाजार एखादं फुटकं भांडं तरी, अशी तिची अपेक्षा. माझं उत्तर बहुतेक दिवस एकच असायचं, “काही नाही.” कधी “दगडाचे चार तुकडे,” कधी “एक गंजलेला डबा.” मग पलीकडून काळजीचा स्वर यायचा, “आणि याचा पगार देतात?”

देतात. माझं काम होतं अमेरिकेत पुरातत्त्व सर्वेक्षणाचं : सरकारी जमिनीवर कुठलाही प्रकल्प सुरू होण्याआधी ती जमीन चालून बघायची आणि जुन्या माणसांच्या खुणा नोंदवायच्या. याचा पगार का देतात, ते आता सांगायला हवं असं वाटतं, कारण या कामावर सध्या गदा आली आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी ऊर्जेची आणीबाणी जाहीर केली आणि एप्रिलमध्ये सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या इंटिरियर खात्याने तेल, वायू, कोळसा, खनिजं अशा प्रकल्पांच्या परवान्यांसाठी तातडीची पद्धत आणली. अशा सर्वेक्षणाचे अहवाल वाचून अभिप्राय द्यायला एरवी ३० दिवस मिळतात, तिथे या पद्धतीत ७ दिवस. बातम्यांत हा विषय ‘लालफितीचा कारभार’ म्हणून येतो. त्या लालफितीत एक माणूस उन्हात चालत असतो. त्याला फील्ड टेक्निशियन म्हणतात, आपापसात नुसतं ‘फील्ड टेक’. मी दोन मोसम नेवाडा राज्यात एका खासगी कंपनीकडून हे काम केलं.

सरकारी जमीन म्हणजे किती?

आपल्याकडे ‘सरकारी जमीन’ म्हटलं की गावाबाहेरचं गायरान किंवा वनखात्याची हद्द डोळ्यांपुढे येते. अमेरिकेच्या पश्चिम भागात मामला वेगळा आहे. तिथे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, या एकाच विभागाकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. अख्ख्या महाराष्ट्राच्या तिपटीहून जास्त. वनखातं आणि राष्ट्रीय उद्यानं वेगळीच. नेवाडातली तर साधारण ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे.

ही जमीन कुंपण घालून ठेवलेली नसते. तिच्यावर गुरं चरतात, खाणी चालतात, विजेच्या लाइनी जातात, सौर प्रकल्प उभे राहतात, लोक तंबू ठोकून राहतात. आणि तिच्यावर हजारो वर्षं माणसं वावरलेली आहेत. आपल्याकडे जुनी वस्ती म्हणजे बहुधा पांढरीचं टेकाड, थरावर थर. इथे नेवाडात फिरती माणसं होती. ऋतूप्रमाणे जागा बदलायची. त्यामुळे खुणा खोलवर कमी, पृष्ठभागावर जास्त. आज जीपचं चाक जिथून जातं, तिथेच पाच हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बसून भाल्याचं टोक घडवलेलं असू शकतं.

कायदा नेमकं काय सांगतो?

या कामाचा मुख्य आधार एक कायदा : १९६६ चा नॅशनल हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन ॲक्ट, आणि त्यातलं कलम १०६. त्याआधी, १९०६ साली, सरकारी जमिनीवरच्या जुन्या वस्तू परवान्याविना खणायला बंदी झाली होती. पण खुद्द सरकारच धरणं, महामार्ग बांधत सुटलं तेव्हा ती बंदी अपुरी पडली. १९६३ मध्ये कोलोरॅडो नदीवरच्या ग्लेन कॅनियन धरणात पाणी भरू लागलं आणि दऱ्यांमधली जुनी घरं, कोरीव चित्रं पाण्याखाली गेली. संशोधकांनी त्याआधी काही वर्षं धावपळ करून जमेल तेवढी नोंद केली, एवढंच. त्याच वर्षी न्यूयॉर्कचं भव्य पेन्सिल्व्हेनिया स्टेशन पाडायला घेतलं आणि शहरातले लोक हळहळले. अशा हळहळीतून हा कायदा आला.

कलम १०६ चा अर्थ साध्या शब्दांत असा : ज्या कामात केंद्र सरकारची जमीन, पैसा किंवा परवाना आहे, ते काम सुरू होण्याआधी तिथे इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं काय आहे आणि कामामुळे त्याचं काय होईल, हे सरकारने विचारात घेतलंच पाहिजे. ‘वाचवलंच पाहिजे’ असं कायदा म्हणत नाही. ऑपरेशनच्या आधी डॉक्टर रक्त तपासतात तसं हे आहे. तपासणीमुळे ऑपरेशन रद्द होत नाही, पण सुरी कुठे आणि कशी चालवायची ते ठरतं.

पण ‘काय आहे’ हे कळायचं तर कुणीतरी तिथे जाऊन बघायला हवं. दगडी हत्यार घडवताना उडालेला नखाएवढा छिलका उपग्रहाच्या फोटोत दिसत नाही.

ओळीने चालणं

समजा, वाळवंटातून वीस मैलांची विजेची लाइन टाकायची आहे. आधी कार्यालयात बसून जुने अहवाल, नकाशे बघतात. मग आमची चार-पाच जणांची तुकडी जाते. तुकडीचा प्रमुख म्हणजे क्रू चीफ. एकमेकांपासून १५ ते ३० मीटर अंतर ठेवून सगळे एका रेषेत उभे राहतो आणि होकायंत्राच्या दिशेने सरळ चालू लागतो. नजर जमिनीवर. नदी असो, घळ असो, गुडघाभर सेजब्रशची झुडपं असोत, ओळ मोडायची नाही. शेतात भांगलण करताना बायका पात धरून पुढे सरकतात, तसंच. पातीतलं तण सोडायचं नाही.

कुणाला काही दिसलं की हाक येते आणि सगळी रांग जागच्या जागी थांबते. दिसलेल्या प्रत्येक वस्तूपाशी तारेच्या टोकाला लावलेली छोटी प्लास्टिकची झेंडी खोचायची. पहिल्या पाच मिनिटांत तीन झेंड्या असतात, अर्ध्या तासाने साठ होतात. मग झेंड्याच बोलू लागतात. कुठे दाटी आहे, कुठे विरळ, हद्द कुठे संपते. त्या हद्दीला ‘साइट’ म्हणतात. सुटी एखादी वस्तू असेल तर ती नुसती वेगळी नोंदवायची.

पुढचं काम लिखापढीचं. मोजमाप, फोटो, नकाशा, मातीचा रंग, कुठला दगड, किती छिलके, कुठल्या प्रकारचे. साइटला क्रमांक मिळतो. नेवाडाची प्रत्येक साइट २६ ने सुरू होते, युटाची ४२ ने, कारण राज्यांना कधीकाळी इंग्रजी वर्णानुक्रमाने आकडे दिले गेले. मातीखाली काही असण्याची शक्यता दिसली तर फावड्याने छोटे खड्डे घेऊन माती पाव इंची जाळीतून चाळतात. पूर्वेकडच्या जंगलांत, जिथे पानांखाली जमीन दिसतच नाही, तिथे हे खड्डेच मुख्य काम असतं.

आणि बहुतेक वेळा आम्ही वस्तू उचलत नाही. बघून, मोजून, जिथल्या तिथे ठेवतो. हे ऐकून आई पहिल्यांदा खरोखर चक्रावली.

उचलून संग्रहालयात का ठेवत नाही?

अंगणात बसून कुणी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या असं समजा. माणूस उठून गेला, टरफलं राहिली. टरफलांच्या ढिगावरून तुम्ही सांगू शकता की कितीजण होते, कुठे तोंड करून बसले होते, मध्ये कोण उठलं, भाजलेल्या होत्या की कच्च्या. आता तीच टरफलं झाडूने गोळा करून पिशवीत भरा. पिशवीचं वजन सांगता येईल, बाकी काही नाही.

दगडी हत्यार घडवतानाही अशीच टरफलं उडतात. एका दगडाने दुसऱ्यावर नेमका घाव घातला की पातळ, धारदार छिलका सुटतो. एक टोक घडवायला असे शेकडो छिलके पडतात. हत्यार माणूस घेऊन जातो, छिलके तिथेच राहतात. मोठे, सालीसकट छिलके असले तर ओबडधोबड दगड इथेच पहिल्यांदा फोडला. बारीक, नखाच्या चंद्रकोरीएवढे असले तर आधीच घडलेल्या हत्याराला नुसती धार लावली. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, असेल तर तिचं रासायनिक पृथक्करण करून ती कुठल्या डोंगरातून आली तेही कळतं. पन्नास-शंभर मैलांवरून आलेली काच एखाद्या झऱ्याकाठी सापडते तेव्हा माणसांच्या वाटा दिसू लागतात.

म्हणून आमचं काम मला पोलीस पंचनाम्यासारखं वाटत आलंय. वस्तू हलली की पुरावा गेला. आणि पंचनाम्यात ‘काही आढळले नाही’ असं लिहिलेलं असलं तरी तो पंचनामाच असतो. आईला मी सांगायचे ते ‘काही नाही’ नकाशावर नोंदवलं जातं, म्हणजे रस्ता तिथून बिनघोर नेता येतो.

गंजलेला डबा कशाला मोजायचा?

हा प्रश्न मलाही पहिल्या आठवड्यात पडला होता. साधारण ५० वर्षांहून जुनी प्रत्येक गोष्ट नोंदीसाठी विचारात घेतली जाते. त्यामुळे खाणकामगार, रेल्वेमजूर, मेंढपाळ यांनी टाकलेला कचरा आमच्या वाट्याला फार येतो. त्यात राजा म्हणजे पत्र्याचा डबा.

एक डबा मला अजून लख्ख आठवतो. तळहातावर बसेल एवढा, तांबूस गंजलेला. वरच्या झाकणाच्या मधोमध रुपयाएवढी गोल पत्र्याची टिकली, तिच्या मध्यावर डाखाचा, म्हणजे वितळलेल्या शिशा-कथलाचा, एक थेंब. जुन्या पद्धतीत अन्न वरच्या भोकातून आत सारायचे, टिकली डाखाने चिकटवायचे, वाफ जायला ठेवलेलं बारीक छिद्र शेवटी त्या थेंबाने बुजवायचे. १९०० नंतरच्या दशकांत कडा दुमडून बंद केलेले डबे आले आणि ही पद्धत मागे पडली. म्हणजे डब्याने स्वतःच आपलं वय सांगितलं. तो उघडला होता सुरीने, दोन आडव्या-उभ्या चिरा देऊन, पत्र्याचे चार कोपरे बाहेर वळलेले. शेजारी जांभळट काचेचा तुकडा. जुन्या काचेत मँगनीज घालत, ती वर्षानुवर्षं उन्हात पडून जांभळी होते. ज्यांच्याबद्दल कुठल्याही दप्तरात ओळ नाही, अशा एका माणसाचं दुपारचं जेवण माझ्यासमोर होतं.

नेवाडाच्या डोंगरांत ॲस्पेन नावाची पांढऱ्या सालीची झाडं आहेत. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरून आलेले बास्क मेंढपाळ उन्हाळाभर एकटे मेंढ्या राखत आणि त्या सालींवर नावं, तारखा, बायकोची किंवा घराची चित्रं कोरत. आपल्या धनगरांनी पाहिलं असतं तर त्यांना तो एकटेपणा लगेच कळला असता. ही झाडं फार जगत नाहीत, शंभरेक वर्षं. त्यामुळे झाडागणिक एकेक दस्तऐवज कोसळतो आहे आणि त्यांचीही नोंद याच कामात होते.

जमीन सरकारची, पण त्याआधी कुणाची?

हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणं मला अप्रामाणिक वाटतं. नेवाडाच्या ज्या पठारावर मी झेंड्या खोचत होते, तो शोशोनी आणि पायूट या मूलनिवासी लोकांचा मुलूख. ते कुठे नाहीसे झालेले नाहीत. त्यांची गावं, शाळा, कार्यालयं तिथेच आहेत. आम्ही ज्याला साइट म्हणतो, ते त्यांच्यासाठी आजोळ आहे.

नेवाडातल्याच फॅलन गावाजवळच्या गुहेत १९४० साली चटईत गुंडाळलेलं एका पुरुषाचं प्रेत सापडलं. पायांत कातडी पादत्राणं होती. तेव्हा ते दीड-दोन हजार वर्षांचं असावं असं मानलं आणि संग्रहालयात ठेवलं. १९९० च्या दशकात नव्याने कालमापन झालं तेव्हा ते दहा हजार वर्षांहून जुनं निघालं. फॅलनच्या पायूट-शोशोनी समाजाने ‘हा आमचा पूर्वज, आमच्याकडे द्या’ अशी मागणी केली. १९९० च्या कायद्याने मूलनिवासींना पूर्वजांचे अवशेष परत मागण्याचा हक्क दिला होता. तरीही बीएलएमने नाकारलं, प्रकरण कोर्टात गेलं, वर्षांमागून वर्षं गेली. शेवटी डीएनए तपासणीत तो माणूस आजच्या मूलनिवासींचाच नातलग असल्याचं दिसलं. २०१६ मध्ये अवशेष परत मिळाले, २०१८ मध्ये त्यांचं दफन झालं. ते लोक पहिल्या दिवसापासून जे सांगत होते, तेच प्रयोगशाळेने सांगितलं.

आता कलम १०६ खाली या समाजांशी सल्लामसलत करणं सरकारला बंधनकारक आहे. अनेक प्रकल्पांवर त्यांची माणसं आमच्याबरोबर चालतात. सरकारी जमिनीवर काम चालू असताना मानवी हाडं निघाली तर त्या जागचं काम थांबवावं लागतं.

माझ्याबरोबर एकदा एक वयस्क शोशोनी गृहस्थ होते. छिलक्यांची दाटी बघून मी मोजायला बसले. ते मात्र वारा कुठून येतो ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, इथे बसलं की डासांचा त्रास होत नाही. माझ्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.

यामुळे प्रकल्प अडतात ना?

फार थोडे. साइट सापडली म्हणजे काम बंद, असा समज आहे आणि तो चुकीचा आहे. सापडलेल्या साइटपैकी कुठली ‘नॅशनल रजिस्टर’ या राष्ट्रीय यादीच्या निकषांना पात्र आहे ते आधी ठरतं. घटना, व्यक्ती, बांधणी, किंवा तिच्यातून मिळू शकणारी माहिती, यांपैकी कशात तरी ती मोलाची असावी लागते. पुष्कळ साइट इथेच गळतात. पात्र ठरल्या तर पहिला पर्याय असतो बाजूने जाण्याचा. विजेचा खांब चाळीस मीटर सरकवला की भागतं. नाहीच जमलं तर रीतसर उत्खनन करून माहिती वाचवतात आणि मग बुलडोझर जातो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : सर्वेक्षणाचा खर्च प्रकल्पवालाच करतो, मग अहवाल त्याच्या सोयीचा येणार नाही का? दबाव असतो, हे मी अनुभवलं आहे. एका प्रकल्पावर आम्हाला अंधार पडेपर्यंत ओळ संपवायला सांगितलं होतं. मी पश्चिमेकडे चालत होते, सूर्य थेट डोळ्यांत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या ओळीतून उलट दिशेने येणाऱ्या सहकाऱ्याला माझ्याच वाटेवर काळी काच चमकताना दिसली. दीडशेच्या वर छिलके. मी त्यांच्यामधून चालत गेले होते. तो डाग मनातून गेलेला नाही. म्हणूनच अहवाल सरकारी पुरातत्त्वज्ञ तपासतो, राज्याचं वारसा कार्यालय तपासतं, मूलनिवासी समाज बघतो. त्या दुसऱ्या-तिसऱ्या नजरांसाठीच ३० दिवस असतात. ७ दिवसांत एखाद्या लहान समाजाच्या कार्यालयातला एकटा माणूस किती अहवाल वाचणार, आणि जागेवर जाऊन कधी येणार? ऊर्जेची गरज खोटी नाही. पण वाचणाऱ्याचे दिवस कापून जो वेळ वाचतो, त्याची किंमत त्या जमिनीला मोजावी लागते, आणि तीही कायमची.

जागा गुप्त का ठेवता?

कारण चोर. १९७९ च्या कायद्याने सरकारी जमिनीवरून शंभर वर्षांहून जुन्या वस्तू परवान्याविना उचलणं हा तुरुंगवासाचा गुन्हा ठरवला, आणि साइटचा पत्ता माहितीच्या अधिकारातूनही मिळत नाही. तरी लूट थांबलेली नाही. २००९ मध्ये युटातल्या ब्लँडिंग परिसरात मोठी कारवाई झाली आणि २४ जणांवर आरोप ठेवले गेले. त्यात गावातले प्रतिष्ठित लोक होते. पिढ्यान्‌पिढ्या रविवारचा छंद म्हणून ते थडगी उकरत आले होते. म्हणून या लेखात मी एकाही जागेचा ठावठिकाणा दिलेला नाही, फोटोही लावलेला नाही.

नोकरी म्हणून कसं आहे?

पदवी आणि एका मोसमाची उत्खनन-शाळा एवढ्यावर काम मिळतं. सरकारी जागांना सहसा तिथलं नागरिकत्व लागतं, खासगी कंपन्यांत आमच्यासारख्यांना शिरता येतं. दहा दिवस काम, चार दिवस सुट्टी, असं चक्र असतं. पगार बेताचा, जेवणाखाण्याचा भत्ता वेगळा. बर्फ पडला की काम संपतं. दोन प्रकल्पांच्या मधले महिने स्वतःच्या हिमतीवर काढायचे. चाळिशीत गुडघे बोलू लागतात आणि चांगली नजर कमावलेली माणसं तेव्हाच हे काम सोडतात, हे मला फार लागतं.

आपल्याकडे?

आपला १९५८ चा कायदा मुख्यतः आधीच जाहीर झालेल्या स्मारकांभोवती उभा आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर त्यांच्यापासून १०० मीटरांत बांधकामाला बंदी, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण जे जाहीरच झालेलं नाही, त्याचं काय? कोकणातल्या कातळशिल्पांनी हा प्रश्न आपल्यासमोर उघडा टाकला. जांभ्याच्या सड्यांवर कोरलेले हत्ती, मासे, मोर, माणसं. काशेळीचा तो अवाढव्य हत्ती. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती वर्षानुवर्षं स्वतःच्या खर्चाने सडे तुडवत, गुराख्यांना विचारत फिरले म्हणून ती नोंदली गेली. २०२२ मध्ये महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. त्याच सड्यांवर चिरेखाणी आहेत, रस्ते होतात, बारसूच्या सड्यावर तर तेलशुद्धीकरण प्रकल्पाची चर्चा झाली.

गेल्या मे महिन्यात आईला घेऊन मी रत्नागिरीजवळच्या एका सड्यावर गेले. ती छत्री घेऊन पुढे चालत होती, मी नेहमीच्या सवयीने पंधरा मीटरवर उजवीकडे. मध्येच तिने हाक मारली. मी जागच्या जागी थांबले. तिच्या पायापाशी वाळलेल्या गवतात एक रेघ होती, बोटभर खोल, आणि थोडी वळत गेलेली. तिने चप्पल काढून बाजूला ठेवली आणि हाताने गवत सारायला सुरुवात केली.